एका दशांशाचा तिसरा हिस्सा

14 ऑगस्ट 2016, रविवारची रात्र. अकरा वाजून गेले तरी आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांत दिवे होते, कारण रिओ ऑलिम्पिकमध्ये दीपा कर्माकर जिम्नॅस्टिक्सच्या व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीच्या, अंतिम फेरीत उतरणार होती. एरवी दहाच्या आत आडवी होणारी माझी आई खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसली होती. दीपाने प्रोदुनोव्हा ही अवघड उडी घेतली, उतरताना जवळजवळ बसलीच, पण सावरून उभी राहिली. शेवटी चौथी. तिचे गुण 15.066 आणि कांस्य नेणाऱ्या स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरचे 15.216. "एवढ्याशानं?" आई म्हणाली, आणि आम्ही टीव्ही बंद केला.

बंद केला नसता, तर तासा-दीड तासाने त्याच हॉलमध्ये, अनइव्हन बारवर, आणखी एक मुलगी चौथी आलेली दिसली असती. तिचं 'एवढंसं' तर दीपाच्या पाव हिश्श्याहूनही कमी होतं: 0.033. वर आणखी एक गोष्ट अशी, की तिच्या पुढे जाऊन कांस्य घेणारी मुलगी तिच्याच संघातली होती. सोफी शेडर 15.566, एलिझाबेथ झाइट्स 15.533. दोघी जर्मनीच्या.

हा लेख त्या दुसरीबद्दल आहे. आडनाव रोमन लिपीत पाहिलं की आपण 'सेइट्झ' वाचतो, इंग्रजी समालोचक 'साइट्झ' म्हणतात. जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'पुढे स्वर आला की तो 'झ'सारखा होतो, आणि शेवटचा 'झेड' होतो 'त्स'. म्हणून झाइट्स.

तिची पदकांची यादी वाचली तर माणूस बुचकळ्यात पडेल. तीन ऑलिम्पिक, एकही पदक नाही. जागतिक स्पर्धेत एक कांस्य. युरोपियन स्पर्धेतली ठळक पदकं दोन: रौप्य वयाच्या सतराव्या वर्षी, आणि सुवर्ण थेट अठ्ठाविसाव्या वर्षी. मधे इतकी वर्षं ही करत काय होती? तरीही जर्मनीत वीसहून अधिक राष्ट्रीय विजेतेपदं तिच्या नावावर आहेत, आणि जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात एका कसरतीला तिचं नाव आहे. ही कारकीर्द कळायची असेल, तर आधी या खेळात गुण कसे मोजतात ते कळायला हवं. ते एकदा कळलं, की 0.033 हा आकडा नुसता चुटपूट लावणारा राहत नाही. तो कुठून आला तेही दिसतं.

आधी साधन पाहू. झाइट्सचं साधन म्हणजे अनइव्हन बार. दोन आडव्या दांड्या, एक उंच, एक बुटकी. जमिनीपासून उंच बार अडीच मीटरवर, खालचा एक मीटर सत्तर सेंटिमीटरवर. आमच्या शाळेच्या मैदानात एक गंजलेला डबलबार होता. पी. टी.च्या तासाला त्यावर दोन झोके आणि उरलेला दिवस त्यावर वाळत घातलेले शर्ट, एवढाच त्याचा उपयोग. त्या डबलबारचं मूळ जर्मनीतच आहे. फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या शिक्षकाने 1811 मध्ये बर्लिनच्या हाझनहाइडे भागात उघड्यावर एक व्यायामाचं मैदान सुरू केलं, आणि डबलबारचं श्रेय त्यालाच देतात. पुढे बायकांसाठी त्याच डबलबारची एक दांडी वर चढवली, एक खाली ठेवली, आणि अनइव्हन बार तयार झाला. सुरुवातीला दांड्या एकमेकींच्या इतक्या जवळ असत, की वरच्या बारला लोंबकळत झोका घेतला की पोट खालच्या बारवर आदळे, आणि खेळाडू तो आदळाच वापरून बारभोवती गुंडाळून घेत. जुन्या चित्रफिती पाहताना आपलंच पोट दुखायला लागतं. आता दांड्यांमधलं अंतर बरंच वाढलंय. त्यामुळे वरच्या बारवर पूर्ण लांबीचे झोके घेता येतात, आणि एका बारवरून दुसऱ्यावर जायचं तर मधली हवा ओलांडून उडावंच लागतं.

हातात चामड्याचे पट्टे, बोटांच्या बुडाशी त्यात शिवलेली एक बारीक कांडी, म्हणजे पकड घट्ट बसते. वरून मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड. तरी तळव्यांची सालं निघायची ती निघतातच. एक खेळी पाऊण मिनिटाच्या आसपास चालते. त्या वेळात थांबायला जागा नाही. झोका तुटला आणि नुसतं लोंबकळत जादा हेलकावा घ्यावा लागला, तर अर्धा गुण गेला. पडलात तर अख्खा गुण. पडल्यावर परत चढायला तीस सेकंद.

आता गुणांकडे येऊ.

जुन्या पिढीला '10 पैकी 10' आठवतं. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये नादिया कोमानेचीला याच बारवर पहिला 10 मिळाला, आणि फलकावर तो आकडा दाखवायची सोयच नसल्याने 1.00 असं झळकलं. 2004 च्या अथेन्समध्ये गुणांवरून बरीच भांडणं झाली, आणि 2006 पासून पद्धत बदलली. आता दोन वेगळ्या खात्यांत गुण जमा होतात. एक खातं अवघडपणाचं, दुसरं सफाईचं.

अवघडपणाचं खातं शून्यापासून भरत जातं. प्रत्येक कसरतीला एक अक्षर असतं. ए म्हणजे 0.1, बी म्हणजे 0.2, आणि असंच पुढे चढत जायचं. खेळीतल्या सगळ्यांत अवघड आठ कसरती मोजतात. त्याशिवाय खेळीत ठरावीक प्रकारच्या चार गोष्टी असायलाच हव्यात, प्रत्येकीचा अर्धा गुण. दोन अवघड कसरती मधे झोका न घेता एकमेकींना जोडल्या, तर वर थोडा बोनस. हे खातं कितीही वाढू शकतं, त्याला वरची मर्यादा नाही.

सफाईचं खातं उलट चालतं. तिथे खेळाडू 10 घेऊन उतरते आणि पंच कापत जातात. गुडघा किंचित वाकला, एक दशांश. पाय सुटे झाले, एक दशांश. बारवर उलटं उभं राहताना शरीर सरळ रेषेपासून दहा अंशांपेक्षा जास्त कललं, एक दशांश. तीस अंशांच्या पुढे कललं तर तीन. उतरताना एक छोटं पाऊल सरकलं, एक दशांश. घरी बसून टीव्हीवर आपल्याला यातलं काही दिसत नाही. आपल्याला दिसतं ते 'पडली' किंवा 'पडली नाही'.

रिओचा 0.033 इथूनच आला. तेव्हा सफाईचे गुण पाच पंच देत. त्यातला सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा काढून टाकत, मधल्या तिघांची सरासरी घेत. प्रत्येक पंच दशांशातच गुण देतो. समजा आकडे आले 8.4, 8.5, 8.5, 8.6 आणि 8.7. दोन टोकं उडवली, राहिले 8.5, 8.5 आणि 8.6. बेरीज 25.6, भागिले तीन, 8.533. आता यातल्या एका पंचाने 8.5 ऐवजी 8.6 दिले असते तर? बेरीज 25.7, सरासरी 8.566. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण शेपट्या पाहा: .533 आणि .566. झाइट्स आणि शेडर यांच्या गुणांच्या शेपट्याही नेमक्या ह्याच.

म्हणजे 0.033 म्हणजे एका दशांशाचा तिसरा हिस्सा. तिघांपैकी एकाच माणसाने एखादा गुडघा एक दशांश जास्त वाकलेला पाहिला, एवढाच. बरोबरी सोडली, तर या पद्धतीत दोन खेळाडूंमध्ये याहून कमी अंतर असूच शकत नाही. ऑलिम्पिकचं पदक हुकण्याची जी सर्वांत लहान रीत गणितात उपलब्ध होती, ती झाइट्सच्या वाट्याला आली.

बरोबरीही काही दुर्मीळ नसते. त्याच्या आदल्याच वर्षी ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत याच बारवर चौघींचे गुण एकसारखे, 15.366, आले आणि चौघींनाही सुवर्ण दिलं. पण जागतिक स्पर्धेतला हा मोठेपणा ऑलिम्पिकमध्ये चालत नाही. तिथे बरोबरी फोडतात. 2008 ला बीजिंगमध्ये नास्तिया ल्यूकिन आणि हे केशिन यांचे गुण सारखे होते, तरी सुवर्ण एकटीला, चीनच्या केशिनला.

झाइट्सचा जन्म हायडेलबर्गचा, 4 नोव्हेंबर 1993. जवळच्या मानहाइममध्ये ती घडली आणि पुढे श्टुटगार्टला सराव करू लागली. 2011 मध्ये युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा बर्लिनला होती. तिथे ऑल-अराउंडमध्ये, म्हणजे व्हॉल्ट, बार, बीम आणि फ्लोअर या चारही साधनांच्या बेरजेत, तिने रौप्य मिळवलं. वय सतरा, घरचं मैदान. अशी सुरुवात झाली की पुढे पदकांचा पाऊसच पडणार, असं सगळ्यांना वाटतं. पडला नाही.

2012 चं लंडन हे तिचं पहिलं ऑलिम्पिक. बारवर सहावी, ऑल-अराउंडमध्ये दहावी. त्या जर्मन संघातली एक सहकारी मात्र लक्षात ठेवण्याजोगी होती. ओक्साना चुसोविटिना, तेव्हा सदतीस वर्षांची. मूळची उझबेकिस्तानची. मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, त्याच्या उपचारांसाठी ती जर्मनीत कोलोनला आली आणि 2006 पासून जर्मनीकडून खेळू लागली. बीजिंगला तिने जर्मनीला व्हॉल्टचं रौप्य मिळवून दिलं. लंडननंतर ती परत उझबेकिस्तानकडून खेळायला लागली. रिओत दीपा ज्या अंतिम फेरीत चौथी आली, त्याच फेरीत चुसोविटिनाही होती, आणि तिनेही प्रोदुनोव्हाच घेतली होती. अठरा वर्षांच्या झाइट्सने आपल्याहून अठरा वर्षांनी मोठी बाई आपल्याच संघातून खेळताना पाहिली. त्याचा तिच्यावर काय परिणाम झाला हे सांगायला मी कोण. पण जिम्नॅस्टिक्समध्ये विशीनंतर मुली म्हाताऱ्या होतात हा समज त्या संघात तरी कोणी बाळगला नसणार.

हा समज अगदीच खोटाही नाही. व्हॉल्ट आणि फ्लोअरवर प्रत्येक उडीनंतर पाय जमिनीवर आदळतात. गुडघे आणि घोटे वर्षानुवर्षं हे सोसत राहतात. बारवर मात्र जमिनीशी गाठ एकदाच, शेवटी उतरताना. खांदे, मनगटं आणि तळवे झिजतात, पण पाय जरा वाचतात. शिवाय झोक्याची वेळ साधणं, कधी सोडायचं आणि कधी धरायचं हे हातांना कळणं, याला ताकदीइतकीच मुरलेली सवय लागते. म्हणून बारवरच्या खेळाडू वयाने थोड्या मोठ्या असल्या तरी टिकतात. झाइट्सनेही हळूहळू आपलं सगळं वजन बारवर टाकलं.

तिच्या खेळीत दोन गोष्टी अशा होत्या, की नियमपुस्तक न वाचताही नजर थांबावी. पहिली म्हणजे 'डेफ'. वरच्या बारवर मोठा झोका घ्यायचा, पुढे वर जाताना बार सोडायचा, हवेत सरळ ताठ शरीराने मागे कोलांटी मारायची आणि तिच्यातच दीड गिरकी घ्यायची, आणि परत तोच बार पकडायचा. दीड गिरकीत बार नजरेआड होतो आणि अगदी शेवटी पुन्हा दिसतो. बायकांमध्ये ही कसरत करणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. यातली एक गिरकी काढली, म्हणजे अर्धीच ठेवली, की ती 'गिंगर' होते. गिंगर हेही नाव जर्मनच. एबरहार्ड गिंगर 1974 चा सिंगलबारचा जागतिक विजेता, आणि पुढे बरीच वर्षं जर्मन संसदेत खासदार. ज्याच्या नावाने मुली हवेत कोलांट्या मारतात असा खासदार जगात दुसरा असेल असं वाटत नाही.

दुसरी गोष्ट तिच्या स्वतःच्या नावाची. एखादी नवी कसरत मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कोणी पहिल्यांदा यशस्वी करून दाखवली, की नियमपुस्तकात तिला त्या खेळाडूचं नाव मिळतं. 'झाइट्स' कशी असते ते सावकाश पाहू. खेळाडू खालच्या बारवर असते, पाठ उंच बारकडे. पावलं बारवर टेकवते, हातांच्या जवळ, अंग घडी घातल्यासारखं दुमडलेलं. त्याच स्थितीत बारखालून पूर्ण फेरा घेते. फेरा वर येताना पावलं बारवरून सोडते, अंग उलगडते, आणि हातही सोडते. आता ती मागच्या दिशेने वर उडतेय, उंच बारकडे, जो तिला दिसत नाही. इथवरच्या कसरतीला 'मलोनी' म्हणतात, अमेरिकेच्या क्रिस्टन मलोनीवरून. झाइट्सने या उड्डाणात अंगाभोवती एक पूर्ण गिरकी घातली, आणि मग उंच बार पकडला. उड्डाण तेवढंच, वेळही तेवढाच, त्यात 360 अंश जास्तीचे. अक्षर ई, म्हणजे अवघडपणाच्या खात्यात 0.5.

0.5 काही फार नाही, असं वाटेल. पण नुसत्या मलोनीपेक्षा जे काही दशांश जास्त मिळतात त्यांच्यासाठी ही सगळी उलाढाल आहे. आणि ज्या खेळात पदक एका दशांशाच्या तिसऱ्या हिश्श्याने जातं, तिथे दशांश म्हणजे भरगच्च पगार.

रिओनंतर सोडून देणं सोपं होतं. वय बावीस, दोन ऑलिम्पिक झालेली, हाती पदक नाही. ती बाजूने शिक्षिका होण्यासाठी शिकत होती, म्हणजे पुढचा रस्ता बंदही नव्हता. ती थांबली नाही. 2 नोव्हेंबर 2018 ला, पंचविसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, दोहाच्या जागतिक स्पर्धेत बारची अंतिम फेरी झाली. बेल्जियमची नीना डेर्वाल 15.200, सुवर्ण. सिमोन बाइल्स 14.700, रौप्य. झाइट्स 14.600, कांस्य. बाइल्स आणि तिच्यात एका दशांशाचं अंतर, बस. बाइल्सचं हे बारवरचं पदक गाजलं, कारण त्यामुळे प्रत्येक साधनावर तिचं एक जागतिक पदक झालं. त्या बातम्यांत तिसऱ्या नंबरवरची जर्मन मुलगी फोटोच्या कडेला उभी होती. मला विचाराल तर त्या फोटोत सर्वांत जास्त वाट पाहून आलेली तीच होती.

2021 मध्ये टोकियोत (नाव 2020 चंच) ती बारवर पाचवी आली. पण त्या वर्षी जर्मन संघाचं नाव जगभर झालं ते गुणांमुळे नव्हे, कपड्यांमुळे.

महिला जिम्नॅस्टिक्समध्ये पोशाख म्हणजे लिओटार्ड, पोहण्याच्या पोशाखासारखा, मांड्या पूर्ण उघड्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये बाझेलच्या युरोपियन स्पर्धेत जर्मनीची सारा फोस घोट्यापर्यंत पाय झाकणारा पोशाख घालून उतरली. तिच्यापाठोपाठ किम बुई आणि झाइट्सही. टोकियोच्या पात्रता फेरीत चौघींचा अख्खा जर्मन संघच तसा उतरला. नियम त्यांनी मोडला नव्हता. पायघोळ पोशाखाला आधीपासूनच परवानगी होती, पण बहुतेक धर्माच्या कारणाने ज्यांना हवा त्याच घालत. जर्मन मुलींचं म्हणणं साधं होतं. खेळाडूने काय घालायचं ते तिने ठरवावं, आणि पाय पसरून उड्या मारताना कॅमेरा कुठे रोखलाय याची धास्ती घेऊन खेळायला लागू नये. काहींनी याला क्रांती म्हटलं. मला यात जास्त लक्षणीय वाटलं ते हे, की पुढाकार घेणाऱ्या या बायका होत्या, पोरी नव्हत्या. किम बुई तर तेव्हा बत्तीस वर्षांची. संघात पंधरा-सोळा वर्षांच्याच मुली असत्या, तर संघटनेसमोर हे बोललं तरी असतं का कोणी?

मग म्यूनिक. 2022 च्या ऑगस्टमध्ये युरोपियन स्पर्धा तिथल्या ऑलिम्पिक हॉलमध्ये भरली. हा हॉल 1972 च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेला, आणि त्या ऑलिम्पिकचं जिम्नॅस्टिक्सही तिथेच झालं होतं. तेव्हा बारचं सुवर्ण पूर्व जर्मनीच्या कारीन यान्त्सने जिंकलं होतं, व्हॉल्टचंही तिनेच. थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही यान्त्स पुढे हाडांची डॉक्टर झाली, पाठीच्या कण्यावरच्या शस्त्रक्रियांत नाव कमावलं, आणि 1980 च्या दशकात बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात एका सहकाऱ्याबरोबर मणक्यांमधली कृत्रिम चकती तयार केली. आज जगभर मणक्यांत बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम चकत्यांच्या इतिहासात तिची 'शारिटे' चकती पहिल्यांत मोजतात. बारवर कणा पिळवटून घेणाऱ्या बाईनेच कण्याचा सुटा भाग बनवावा, यात काही तरी हिशोब जुळल्यासारखा वाटतो.

पन्नास वर्षांनी त्याच हॉलमध्ये आधी जर्मन मुलींनी सांघिक कांस्य मिळवलं. युरोपियन स्पर्धेत जर्मन महिला संघाला पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी बारची अंतिम फेरी. किम बुईही त्यात होती. ती तिची शेवटची स्पर्धा, आणि लोक टाळ्या वाजवता वाजवता रडत होते. झाइट्सने खेळी पूर्ण केली, उतरली. 14.433. सुवर्ण.

तारीख होती 14 ऑगस्ट. रिओतल्या त्या रात्रीला बरोबर सहा वर्षं झाली होती. मला हे नंतर कधी तरी दोन्ही तारखा शेजारी लिहिताना दिसलं. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "ती दीपाच्या दिवशीची? मग बघायला हवी होती रे." त्या 14.433 ची शेपटी पाहा. पुन्हा तिसऱ्या हिश्श्याचीच.

गोष्ट इथे थांबली असती तर सिनेमावाल्यांना आवडली असती. पण पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2023 मध्ये, अँटवर्पच्या जागतिक स्पर्धेच्या तोंडावर सरावात तिची अकिलीस टेंडन तुटली. म्हणजे टाचेच्या मागची, पोटरीला टाचेशी बांधणारी जाड शीर. उडी मारताना माणसाला जमिनीवरून वर ढकलते ती हीच. ती तुटली की शस्त्रक्रिया, मग पायाला आधार, मग चालायला शिकणं, मग पळायला, आणि सगळ्यांत शेवटी उडी. सर्वसाधारण माणसाचं अर्धं वर्ष यात सहज जातं. पॅरिस ऑलिम्पिकला उरले होते दहा महिने. अँटवर्पमध्ये तिच्याविना जर्मन संघाला सांघिक पात्रता मिळाली नाही, त्यामुळे पॅरिसला अख्खा संघ जाणार नव्हता. जायच्या होत्या फक्त तिघी.

तिशी गाठलेली झाइट्स त्या दहा महिन्यांत परत आली. आली म्हणजे नुसती उभी राहिली नाही, निवड स्पर्धांत खेळली. तिसरी जागा शेवटी हेलन केवरिचला मिळाली. केवरिच सोळा वर्षांची, तीही श्टुटगार्टमध्येच सराव करणारी, आणि तिचंही सर्वांत जोरकस साधन बारच. पॅरिसमध्ये केवरिच बारच्या अंतिम फेरीत पोहोचली, म्हणजे निवड चुकली असं म्हणायला जागा नाही. रिओतही झाइट्सच्या पुढे गेली ती तिच्या संघातलीच होती, पॅरिसच्या वेळीही तेच.

श्टुटगार्टचं नाव आलंच आहे तर एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 2024 संपता संपता तिथल्या काही माजी खेळाडू उघडपणे बोलू लागल्या. त्यांत 2017 ची बीमवरची जागतिक कांस्यविजेती टाबेया आल्टही होती. दुखणं अंगावर काढून खेळायला लावणं, मुलींवरचा मानसिक दबाव, अशा गंभीर तक्रारी होत्या, आणि जर्मन संघटनेला चौकशी लावावी लागली. मघाशी मी लिहिलं, की बायका बोलल्या कारण त्या वयाने मोठ्या होत्या. इथेही बोलल्या त्या मोठ्या झाल्यावरच. दशांश मोजायची पद्धत या खेळाने इतकी बारीक केलीय, की शरीर सरळ रेषेपासून अकरा अंश कललं तरी पंचाला दिसतं. हॉलचं दार लावल्यावर आत काय चालतं, ते मात्र इतकी वर्षं कोणाला दिसत नव्हतं.

पुढच्या वेळी टीव्हीवर कुठेही महिलांची बारची अंतिम फेरी लागली, तर खालच्या बारकडे लक्ष ठेवा. एखादी खेळाडू पाठ उंच बारकडे करून पावलं बारवर टेकवेल, खालून फेरा घेईल, आणि मागे उडताना गिरकी घेईल. अर्धीच घेतली तर ती वेगळी कसरत, हॉलंडच्या लॉरा फान लीवेनच्या नावाची. पूर्ण घेऊन उंच बार धरला, तर समालोचक बहुतेक 'साइट्झ' म्हणेल. घरात कोणी शेजारी बसलं असेल तर त्याला सांगा, झाइट्स.